जर्मनीतून पॅरिस: पहिल्या तीन दिवसांची तयारी, पायरीपायरीने

पॅरिस महाग आहे हे सगळेच सांगतात. भारतातून आलेल्या पर्यटकाला ते महाग आहेच. पण तुम्ही जर्मनीत, नेदरलँड्समध्ये किंवा युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात शिकत असाल, हातात तिथलं रेसिडेन्स परमिट असेल आणि वय २६ च्या आत असेल, तर तुमचं गणित वेगळं आहे. लूव्र आणि ओर्से ही संग्रहालयं आणि व्हर्सायचा राजवाडा, या तिन्ही ठिकाणी तुम्हाला प्रवेश फुकट आहे. ही सवलत पासपोर्टच्या रंगावर ठरत नाही, तुम्ही कुठे राहता यावर ठरते. दरवर्षी कितीतरी मराठी मुलंमुली 'हे फक्त युरोपियन लोकांसाठी असेल' असं समजून पूर्ण तिकीट काढतात आणि तिथेच दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे घालवून बसतात.

पुढचं सगळं जर्मनीतून जाणाऱ्या विद्यार्थ्याला धरून लिहिलं आहे. शेंगेन क्षेत्रातल्या इतर देशांतून जाणाऱ्यांनाही त्यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी कागदपत्रं

वैध रेसिडेन्स परमिट किंवा वैध राष्ट्रीय व्हिसा असेल, तर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत इतर शेंगेन देशांत फिरता येतं. फ्रान्ससाठी वेगळा व्हिसा लागत नाही. सोबत दोन मूळ कागद हवेत: पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड. मोबाईलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालेल असं धरून निघू नका. सीमेवर पोलीस मूळ कार्ड मागतात आणि संग्रहालयाच्या दारावरही तेच दाखवावं लागतं.

इथे सर्वात जास्त फसतात ते परमिट संपलेले आणि नवीन कार्डाची वाट पाहणारे. परदेशी नागरिक कार्यालय अशा वेळी 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' नावाचा हिरवट घडीचा कागद देतं. त्यावर तीन चौकोन असतात. खूण तिसऱ्या चौकोनात, म्हणजे जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ४ समोर असेल, तर संपलेलं कार्ड आणि पासपोर्ट सोबत ठेवून प्रवास करता येतो. खूण पहिल्या दोन चौकोनांपैकी एकात असेल, तर त्या कागदावर जर्मनीबाहेर पडू नका. परत येताना अडकाल. बस बुक करायच्या आधी हा कागद उघडून बघा.

सरकारी आरोग्य विमा असेल तर विम्याच्या कार्डाची मागची बाजू नीट पाहा. तेच युरोपीय आरोग्य विमा कार्ड असतं. अचानक आजारी पडलात तर फ्रान्समध्ये ते चालतं. मात्र तिथे डॉक्टरांची फी बहुधा आधी स्वतः भरावी लागते आणि नंतर विमा कंपनीकडून परत मिळते, म्हणून पावती जपून ठेवा. खासगी विमा असेल तर फ्रान्सचा समावेश आहे का हे निघण्याआधी पॉलिसीत वाचा.

पैशाचं एक बारीक पण नडणारं प्रकरण: जर्मन बँकेचं नुसतं 'जिरोकार्ड' (तिथलं साधं डेबिट कार्ड) पॅरिसमध्ये ठिकठिकाणी नाकारलं जातं. कार्डावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्ह आहे ना, ते बघा. नसेल तर तसं दुसरं कार्ड सोबत घ्या. रोख चाळीस-पन्नास युरो पुरतात. जर्मन सिमकार्ड नेहमीच्या दरातच चालतं, त्यामुळे नवं सिम घ्यायची गरज नाही.

तारखा ठरवताना वार पाहा

लूव्र मंगळवारी बंद असतं. ओर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद. १ मे रोजी तिन्ही बंद. आधुनिक कलेचं पोंपिदू केंद्र नूतनीकरणासाठी २०२५ पासून काही वर्षं बंद आहे, ते यादीतून काढून टाका. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं, ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत.

हे वार जुळवले की विद्यार्थ्यासाठी सर्वात सोयीचा बेत आपोआप दिसतो. गुरुवारी रात्रीची बस धरायची, शुक्रवारी सकाळी पोहोचायचं, शुक्रवारची संध्याकाळ लूव्रला द्यायची आणि रविवारी रात्रीच्या बसने परतायचं. मुक्काम दोनच रात्रींचा, पण हातात तीन पूर्ण दिवस. वय २६ च्या पुढे असेल तर महिन्याचा पहिला रविवार गाठा. त्या दिवशी ओर्से सर्वांना फुकट असतं. वेळ मात्र आधी बुक करावी लागते आणि गर्दीची तयारी ठेवावी लागते.

बस की रेल्वे

फ्रँकफुर्टहून थेट आयसीई किंवा टीजीव्ही ही जलद रेल्वे चार तासांच्या आसपास पॅरिसला पोहोचवते, श्टुटगार्टहून सव्वातीन तासांच्या आसपास. या गाड्या 'गार द लेस्त' स्थानकावर येतात. कोलोनहून येणारी युरोस्टार 'गार दु नोर'वर येते. दोन्ही स्थानकं एकमेकांपासून दहा मिनिटांच्या चालीवर आहेत. स्वस्त तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तरच मिळतं आणि ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली की तिकीट गेलं.

बस स्वस्त पडते, पण रात्र बसून काढावी लागते. बहुतेक गाड्या शहरातल्या 'बेर्सी-सेन' स्थानकावर येतात. हे स्थानक बेर्सी बागेच्या पोटात, अर्धवट जमिनीखाली आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्याला बाहेरून सापडत नाही. बेर्सी मेट्रोपासून दहा मिनिटं चालावं लागतं. परतीच्या वेळी अर्धा तास हाताशी ठेवा. काही गाड्या शहराबाहेरच्या दुसऱ्या थांब्यांवरही जातात, म्हणून तिकिटावरचं थांब्याचं पूर्ण नाव वाचा.

विमान घेत असाल तर 'पॅरिस-बोव्हे' या नावाला भुलू नका. तो विमानतळ शहरापासून ऐंशी किलोमीटरहून जास्त दूर आहे. तिथून शहरात यायला वेगळ्या बसचे पैसे आणि सव्वा-दीड तास जातो. स्वस्त तिकिटाचा फायदा तिथेच संपतो.

मुक्काम

हॉस्टेलमधली एक खाट साधारण ३५ ते ५० युरोंना मिळते, उन्हाळ्यात त्याहून वर. पत्ता पाहताना पिनकोड वाचायला शिका. ७५ ने सुरू होणारा पिनकोड म्हणजे खास पॅरिस शहर आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे त्यातला विभाग. ७५०१० म्हणजे दहावा विभाग. विभाग एकूण वीस, मध्यापासून गोगलगायीच्या शंखासारखे उजवीकडे वळत बाहेर जातात. ९२, ९३, ९४ ने सुरू होणारे पत्ते शहराबाहेरचे. तेही वाईट नसतात, पण रात्री उशिरा परतायचं असेल तर मेट्रो किती जवळ आहे हे पाहूनच घ्या.

विद्यार्थ्याने १०, ११, १२, १३, १८, १९ आणि २० या विभागांत शोधावं. मध्यवर्ती पहिल्या सात-आठ विभागांत त्याच पैशात धड काही मिळत नाही. आणि तेवढ्या जवळ राहायची गरजही नाही, कारण मुख्य शहर पूर्व-पश्चिम जेमतेम दहा-बारा किलोमीटरचं आहे. बुकिंगच्या पानावर चार गोष्टी तपासा: शहराचा मुक्काम कर धरलेला आहे का, वयाची अट आहे का, चेक-इनच्या आधी आणि चेक-आउटनंतर बॅग ठेवता येते का, आणि कपाटाला कुलूप स्वतःचं लागतं का. बॅग ठेवायची सोय सर्वात महत्त्वाची. तुम्ही सकाळी सातला पोहोचणार, खोली दुपारी तीनला मिळणार आणि लूव्रमध्ये ५५ × ३५ × २० सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग आत घेत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच चाकांची बॅग टाळा, पाठीवरची एक सॅक पुरते.

बुकिंगचा क्रम

पहिलं बुकिंग लूव्रचं. बसच्याही आधी. फुकट प्रवेश असला तरी वेळ आरक्षित करावी लागते आणि फुकटच्या वेळाही संपतात. अधिकृत संकेतस्थळावर १८ ते २५ वयाच्या युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या (युरोपीय संघ आणि नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन) रहिवाशांसाठीचा शून्य युरोंचा पर्याय निवडा. शुक्रवारची दुपारी साडेचार किंवा पाचची वेळ घ्या. दारावर पासपोर्ट आणि परमिट दोन्ही दाखवा, एकावर वय कळतं आणि दुसऱ्यावर वास्तव्य. २६ पूर्ण झाले असतील तरी परमिटचा उपयोग आहे. १४ जानेवारी २०२६ पासून लूव्रने बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांसाठी तिकीट ३२ युरो केलं. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या रहिवाशांना तो वाढीव दर नाही.

दुसरं ओर्से, शनिवारी सकाळी साडेनऊचं. तिसरं बस किंवा रेल्वे, चौथं हॉस्टेल. आयफेल मनोऱ्यावर चढायचंच असेल तर लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी सुटतात आणि भराभर संपतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या चढून जायचं तिकीट बरंच स्वस्त असतं आणि १२ ते २४ वयाला आणखी कमी दर आहे. पहिल्या भेटीत वर चढणं गरजेचं नाही असं आमचं स्पष्ट मत. मनोऱ्यावरून पाहिलेल्या पॅरिसमध्ये मनोराच नसतो.

नोत्र दाम कॅथेड्रल २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. प्रवेश फुकट आहे. अधिकृत संकेतस्थळावर दोन दिवस आधीपासून वेळ घेता येते, न घेता रांगेतूनही जाता येतं. कॅथेड्रलच्या नुसत्या प्रवेशाचं 'तिकीट' कुणी विकत असेल तर ती सरळ फसवणूक आहे. मनोऱ्यांवर चढायचं तिकीट मात्र वेगळं आणि खरं असतं.

व्हर्सायला फुकट जाता येतं हे खरं, पण तीन दिवसांच्या पहिल्या भेटीत ते घालू नका. जाण्यायेण्यासकट पूर्ण दिवस जातो आणि उन्हाळ्यात कारंज्यांच्या दिवशी बागेचं तिकीट वेगळं पडतं. दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

मेट्रो: पहिला तास इथेच जातो

पॅरिसच्या मेट्रोत बँकेचं कार्ड दारावर टेकवून आत जाता येत नाही. लंडनची सवय असलेले इथे अडतात. दोन मार्ग आहेत. एक, 'ईल-द-फ्रान्स मोबिलिते' हे अ‍ॅप घेऊन तिकीट मोबाईलमध्ये भरायचं आणि मोबाईल दारावर टेकवायचा. दुसरा, स्थानकातल्या खिडकीवर किंवा यंत्रातून 'नाविगो ईझी' कार्ड घ्यायचं. कार्डाचे २ युरो, त्यावर नाव-फोटो काही लागत नाही. मोबाईलची बॅटरी दगा देणारी असेल तर कार्डच बरं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. एका कार्डावर दहा तिकिटं भरता येतात, पण दोघांना एकाच वेळी त्यावर जाता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये तिकिटं सोपी झाली. मेट्रो आणि आरईआर उपनगरी रेल्वेचं एक तिकीट तेव्हा २.५० युरो होतं, बस आणि ट्रामचं २ युरो. दर जानेवारीत त्यात थोडी भर पडते. मेट्रोच्या तिकिटावर दोन तासांत मेट्रो आणि आरईआर बदलता येते, पण बाहेर पडलात की तिकीट संपलं. आणि मेट्रोच्या तिकिटावर पुढे बस घेता येत नाही, बसला बसचंच तिकीट लागतं. तपासनीस बहुतेक वेळा नवख्यांना इथेच पकडतात. दंड जागेवर भरावा लागतो आणि 'माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. मेट्रो किंवा आरईआरने विमानतळाला जायला हे साधं तिकीट चालत नाही, तिथलं तिकीट वेगळं आणि बरंच महाग.

पास घ्यावा का? दिवसाचा पास २०२५ मध्ये १२ युरो होता, म्हणजे दिवसात पाच फेऱ्या झाल्या तरच फायदा. शुक्रवारी चालणं जास्त आहे, सुटी तिकिटं घ्या. शनिवार-रविवारसाठी २६ च्या आतल्यांना 'नाविगो जन वीकेंड' नावाचा एका दिवसाचा पास मिळतो. झोन १ ते ३ चा घेतला की पॅरिस शहर पूर्ण येतं आणि तो साध्या दिवसाच्या पासच्या निम्म्याहून कमी किमतीत पडतो. खिडकीवर मागितल्याशिवाय कुणी सुचवत नाही, म्हणून नाव लक्षात ठेवा. आठवड्याचा पास कुणी सुचवला तर घेऊ नका. तो सोमवार ते रविवार असाच चालतो, आणि शुक्रवारपासून पुढच्याच आठवड्याचा मिळतो.

आत गेल्यावर वाट शोधायची ती मार्गाच्या क्रमांकावरून आणि शेवटच्या स्थानकाच्या नावावरून. फलाटावर 'पूर्वेकडे', 'पश्चिमेकडे' असं लिहिलेलं नसतं, त्या दिशेच्या शेवटच्या स्थानकाचं नाव असतं. 'सोर्ती' म्हणजे बाहेर, 'कोरेस्पोंदांस' म्हणजे गाडी बदलायची वाट. जुन्या गाड्यांची दारं आपोआप उघडत नाहीत. खटका वर करावा लागतो किंवा बटण दाबावं लागतं. नवखा माणूस दार उघडायची वाट पाहत उभा राहतो आणि स्थानक निघून जातं. 'शातले' स्थानकात गाडी बदलणं शक्य तितकं टाळा. नकाशावर तो एक ठिपका दिसतो, प्रत्यक्षात जमिनीखाली दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. आरईआरमधून बाहेर पडतानाही कार्ड टेकवावं लागतं, म्हणून ते सॅकच्या तळाशी टाकू नका. मेट्रो रात्री सव्वाच्या सुमारास थांबते, शुक्रवारी-शनिवारी तासभर उशिरा.

शुक्रवार

बॅग हॉस्टेलवर टाकून आधी नोत्र दाम. सकाळी नवाच्या आत पोहोचलात तर रांग जेमतेम असते. मेट्रो मार्ग ४, स्थानक 'सिते'. समोरच्या चौकात जमिनीत एक पितळी चकती आहे. फ्रान्समधली रस्त्यांची अंतरं तिथून मोजतात. मग पूल ओलांडून डाव्या काठावर या. सेन नदीच्या उत्तरेचा उजवा काठ आणि दक्षिणेचा डावा काठ, एवढं डोक्यात बसलं की शहर हरवत नाही. लॅटिन क्वार्टरच्या गल्ल्या आणि लुक्सांबूरची बाग, दोन्ही फुकट. दुपारी बागेतल्या हिरव्या लोखंडी खुर्चीत तासभर डोळे मिटा. रात्र बसमध्ये गेली आहे आणि लूव्र पाय मोडतं.

लूव्रला मार्ग १ किंवा ७ ने 'पाले रॉयाल' स्थानकावर उतरा. आत बॅग ठेवायची कपाटं फुकट आहेत, जॅकेट आणि सॅक तिथे ठेवा. सगळं पाहायचा विचारच करू नका. चार तासांत पाहण्यासारखा क्रम असा: आधी सुली भागाच्या तळघरात मध्ययुगीन किल्ल्याचा पाया आणि खंदक. तिथे गर्दी नसते आणि ही वास्तू मुळात किल्ला होती हे पायांना कळतं. मग रिशलिय भागात तळमजल्यावर हम्मुराबीच्या कायद्यांचा काळा दगड. शाळेच्या इतिहासात वाचलेली ती संहिता समोर माणसाहून उंच उभी असते आणि त्यावरचं कोरीव लिखाण हातभर अंतरावरून दिसतं. त्यानंतर देनों भागात जिन्याच्या माथ्यावर पंखांच्या विजयदेवतेचा ग्रीक पुतळा.

मोनालिसा शेवटी, आठच्या सुमारास. दिवसा त्या दालनात नागमोडी रांग असते, संध्याकाळी ती विरळ होते. चित्र अवघं ७७ × ५३ सेंटीमीटरचं, काचेआड आणि कठड्यापलीकडे. निराशा होऊ नये म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं. ते पाहून झालं की मागे वळा. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं 'काना येथील विवाहभोज' आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सर्वात मोठं चित्र. त्याच्यापुढे तुम्ही एकटे असाल. बंद व्हायच्या अर्धा तास आधीपासून रखवालदार दालनं रिकामी करायला लागतात. बाहेर आल्यावर काचेचा पिरॅमिड आतून उजळलेला असतो, अंगणात थोडं थांबा.

एक सूचना: फ्रान्समध्ये संप नेहमीचे आहेत आणि त्या दिवशी लूव्र उशिरा उघडतं किंवा उघडतच नाही. सकाळी संकेतस्थळ पाहा. संप असेल तर शुक्रवार आणि रविवारचा बेत अदलाबदल करा.

शनिवार

साडेनऊला ओर्से. १९०० साली बांधलेलं रेल्वे स्थानक, १९८६ पासून संग्रहालय. थेट पाचव्या मजल्यावर जा आणि खाली उतरत या, बाकीचे सगळे उलट करतात. मोने, रन्वार, दगा या चित्रकारांची चित्रं तिथेच आणि स्थानकाचं ते मोठं पारदर्शक घड्याळही तिथेच, ज्याच्या काट्यांमधून पलीकडचा काठ दिसतो.

दुपारी नदीकाठाने पश्चिमेकडे चालत आयफेलपर्यंत या, अडीच किलोमीटरच्या आसपास. मनोऱ्याखालून निघून 'बीर-हाकेम' स्थानकावर मार्ग ६ घ्या. पुढचं स्थानक 'पासी'. या दोहोंच्या मध्ये मेट्रो नदीवरच्या पुलावरून जाते आणि उजवीकडच्या खिडकीत अख्खा मनोरा येतो. साध्या मेट्रो तिकिटात पॅरिसमध्ये याहून चांगलं दृश्य नाही. पुढच्या 'त्रोकादेरो'ला उतरलात तर मनोरा समोरून दिसतो आणि त्याच मार्गाच्या शेवटच्या स्थानकावर विजय कमान आहे. कमानीकडे जाताना भुयारी वाटच घ्या. बारा रस्ते येऊन मिळणारा तो चौक पायी ओलांडणं जिवावरचं आहे. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला मनोरा पाच मिनिटं लुकलुकतो. जूनमध्ये अंधारच दहानंतर पडतो, डिसेंबरमध्ये पाचला. त्याप्रमाणे परत या.

रविवार: मार्ग २ चा दिवस

सकाळी लवकर 'आंव्हेर' स्थानकावर उतरून माँमार्त्र टेकडी चढा. साक्रे-कर बासिलिकात प्रवेश फुकट. नऊच्या आत गेलात तर गल्ल्या रिकाम्या असतात, अकरानंतर पाऊल ठेवायला जागा नसते.

उतरून पुन्हा मार्ग २, दोन स्थानकं पुढे 'ला शापेल'. इथून गार दु नोरपर्यंत श्रीलंकन तमिळ वस्ती आहे. डोसा, इडली, वडा जर्मनीत मिळतो त्याहून ताजा आणि स्वस्त. जवळच र्यू पाजोलवर माणिक विनायकर मंदिर आहे. दरवर्षी ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला रविवारी या मंदिरातून गणपतीचा रथ निघतो आणि रस्त्यावर नारळांचा सडा पडतो. घरच्या गणपतीची आठवण येत असेल तर बेत त्या रविवारचा करा.

तोच मार्ग पुढे 'पेर लाशेज'ला नेतो, काही अंतर रस्त्याच्या वरून. १८०४ सालचं हे कबरस्तान म्हणजे झाडांनी भरलेली एक टेकडी आहे. प्रवेश फुकट. संगीतकार शोपॅं आणि लेखक ऑस्कर वाइल्डच्या कबरींकडे सगळे जातात. मुंबईशी नातं असलेली कबर मात्र जे. आर. डी. टाटांची. पॅरिसमध्ये १९०४ साली जन्मलेले, १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपालाचं विमान स्वतः उडवत आणणारे जेआरडी १९९३ पासून इथे विसावले आहेत. आतल्या वाटा फसव्या आहेत, दारावरच्या नकाशाचा फोटो काढून घ्या.

संध्याकाळी मार्ग २ ने 'नासियों'पर्यंत आणि तिथून मार्ग ६ ने थेट 'बेर्सी'. बस तिथेच. वाटेत बॅग हॉस्टेलमधून घ्यायची आहे हे वेळेत धरा.

खाणं

दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणा. त्याशिवाय थेट मागणी केली तर तिथे ते उद्धटपणाचं समजतात आणि पुढचं सगळं बिनसतं. बेकरीतलं सँडविच, पेय आणि गोड पदार्थ मिळून 'फॉर्म्युल' आठ-दहा युरोंत पडतं. 'बागेत त्रादिसियों' पाव दीड युरोच्या आत मिळतो. त्यात कायद्याने पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण एवढंच असतं. क्रोसाँ आणि इतर गोड पदार्थांत अंडं धरूनच चाला.

शाकाहारी असाल तर 'व्हेजितारियाँ' एवढ्यावर थांबू नका, 'सां व्यांद, सां प्वासों' म्हणजे मांस नको, मासे नकोत असं दोन्ही सांगा. 'लार्दों' आणि 'जांबों' हे शब्द पाठ करा, दोन्ही डुकराचं मांस आणि पहिलं 'किश' या अंड्याच्या खारट टार्टमध्ये बारीक तुकड्यांनी लपलेलं असतं. पोट भरायला मारे भागातल्या र्यू दे रोझिएवरचं फलाफल उत्तम, पण तिथली बरीच दुकानं ज्यू लोकांची असल्यामुळे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत बंद असतात. उपाहारगृहात बसलात तर 'यून कराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. नुसतं 'पाणी' म्हटलं की बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. सेवाशुल्क बिलातच असतं, वर टीप द्यायची सक्ती नाही. रस्त्यावरच्या हिरव्या लोखंडी कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या.

रस्त्यावरची राखाडी स्वच्छतागृहं फुकट आहेत. आधीचा माणूस बाहेर आल्यावर लगेच आत शिरू नका. दार बंद होऊन आतली धुलाई पूर्ण होऊ द्या, नाहीतर तुम्हीही धुतले जाल.

सगळं धरून बसचे जाऊन-येऊन ६० ते ९० युरो, दोन रात्री ७० ते १००, शहरातला प्रवास २५, खाणं ६०. म्हणजे २१५ ते २७५ युरोंत फेरी होते.

पाकीटमार

ते घाई असलेल्या चेहऱ्याचे, नीटनेटके आणि बहुधा टोळीने असतात. मार्ग १, मार्ग ४, आरईआर बी आणि मोनालिसाचं दालन ही त्यांची आवडती ठिकाणं. मेट्रोच्या दाराशी मोबाईल हातात धरून उभं राहू नका. दार मिटायच्या क्षणी तो ओढून माणूस फलाटावर उडी मारतो आणि तुम्ही आत अडकता. साक्रे-करच्या पायऱ्यांखाली बोटाला दोरा बांधायला येतात, हात खिशात ठेवून न थांबता चालत राहा. सह्या मागणारे, 'तुमची अंगठी पडली' म्हणणारे आणि तीन वाट्यांचा खेळ मांडणारे, तिघांचंही काम तुमचं लक्ष वळवणं. तिकीट यंत्रापाशी मदत करायला आलेला अनोळखी माणूस लहान मुलाचं तिकीट पूर्ण किमतीला विकून जातो.

पासपोर्ट आणि परमिट अंगाला बांधलेल्या पाऊचमध्ये ठेवा आणि दोन्हींचे फोटो स्वतःलाच ईमेल करून ठेवा. चोरीला गेलेच तर आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार आणि मग १६ व्या विभागातला भारतीय दूतावास, मार्ग ९, स्थानक 'ला म्युएत'. तातडीची मदत ११२.

परतताना

सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सर्व जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. पहाटे दोन-तीनला बस थांबते, दिवे लागतात आणि पोलीस रांगेने प्रत्येकाचे कागद पाहतात. पासपोर्ट खालच्या डिकीतल्या बॅगेत असेल तर सगळ्या बसला तुमच्यासाठी थांबावं लागेल. झोपायच्या आधी पासपोर्ट आणि कार्ड जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, आणि जॅकेट अंगातच असू द्या.